कोरडे ओठ आणि समासातली पेन्सिल : बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेसाठी आम्ही काढलेल्या छोट्या पुस्तिकेवर आपले नाव छापायला आपण ठाम नकार दिलात. आपल्या त्या इच्छेचा मान राखून हे पत्रही नाव न घालता लिहीत आहे. मात्र ज्या मंडळीने त्या प्रार्थना एकमुखाने म्हटल्या, तिला त्या कोणाच्या हाताखालून गेल्या हे कळायला हवे, म्हणून ते उघडपणे लिहितो आहे.

आमच्याकडे त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उपासना चालते. प्रभूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर मनन होते आणि प्रत्येक मननानंतर गीत व प्रार्थना असते. यंदा पाळकसाहेबांनी सातही प्रार्थना नव्याने लिहिण्याचे काम माझ्यावर सोपवले. मी त्या लिहिल्या, पण मोठ्याने वाचून पाहिल्यावर त्या प्रार्थना न वाटता समारंभातली भाषणे वाटू लागल्या. शाळा सोडल्याला इतकी वर्षे झाल्यावर वही घेऊन आपल्या दारात उभा राहिलो, तेव्हा मनात संकोच होता. आपण वारकरी घरातल्या. आमच्या उपासनेशी आपला संबंध तो काय, असे मला वाटत होते. आपण चष्मा पुसलात आणि एवढेच म्हणालात, ''देवाशी बोलायचे आहे ना? मग वाच.''

पहिल्याच प्रार्थनेत आपण मला अडवलेत. मी लिहिले होते, 'हे प्रभो, आपण सारे पापी आहोत.' आपण विचारलेत की हे वाक्य देवाला उद्देशून आहे की समोर बसलेल्या लोकांना. 'आपण' म्हटले की ऐकणाराही त्यात येतो, मग देवालाही पाप्यांत धरायचे का? 'आम्ही' म्हटले की तो समोर उभा राहतो आणि बोलणारे त्याच्यापुढे. मराठीने हा भेद आयता हातात दिलेला असताना मी तो इतकी वर्षे न पाहताच प्रार्थना करत आलो होतो. पुढच्याच ओळीत मी देवाला 'आपण क्षमा करावी' असे विनवले होते, तेही आपण खोडलेत. तुकोबा विठ्ठलाला 'तू' म्हणतात, आणि तुमच्या प्रभूच्या प्रार्थनेतही 'तुझे नाव पवित्र मानले जावो' असेच आहे ना, असे आपण विचारलेत, तेव्हा मी अवाक झालो.

पाचव्या उद्गारापाशी, म्हणजे 'मला तहान लागली आहे' या शब्दांपाशी, आपण सर्वांत जास्त वेळ दिलात. तिथे मला अभंग हवा होता. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे माप आपण बोटांवर मोजून पुन्हा शिकवलेत. दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळले पाहिजे हेही सांगितलेत. माझी पहिली ओळ होती, 'आटली विहीर । रिकामी घागर । कोरडा अधर । क्रुसावरी'. मोजमाप बरोबर होते, पण आपण 'अधर' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढलात आणि म्हणालात, ''टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईचे अधर कोरडे पडतात का रे? तिचे ओठ कोरडे पडतात.'' त्या एका गोलातून ही दोन कडवी आली :

आटली विहीर । कोरडाच काठ ।
कोरडेच ओठ । क्रुसावरी ॥

तुलाही तहान । लागली रे नाथा ।
मग माझी व्यथा । जाणशील ॥

उत्तम शुक्रवार आमच्याकडे ऐन पाणीटंचाईच्या तोंडावर येतो. त्या दुपारी ही कडवी म्हणताना मागच्या बाकांवरच्या बायकांचा आवाज पुरुषांच्या आवाजाच्या वर गेला, हे मी स्वतः ऐकले.

परभाषेतील चालींवर बसवलेली आमची कितीतरी गीते मला प्राणप्रिय आहेत. आजीच्या मांडीवर ती ऐकतच मी मोठा झालो. पण त्यांत मराठी शब्दाला चालीसाठी अनेकदा अंग चोरावे लागते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तावरचे ओवीबद्ध पुराण 1616 साली छापले गेले, आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाची वाट मोकळी करून दिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक सांगत. हे वाक्य मी अनेक उपदेशांत ऐकले होते. त्याचा अर्थ मात्र आपल्या ओसरीवर, आपण बोटांवर अक्षरे मोजत असताना कळला.

एका गोष्टीबद्दल आपले आभार कसे मानावेत, हे मला अजून नीट सुचत नाही. चौथ्या उद्गारात प्रभू विचारतो, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' त्याखालच्या प्रार्थनेत मी घाईघाईने पुनरुत्थानाची आशा आणि अश्रू पुसले जाण्याचे सांत्वन भरले होते. आपण वाचून बराच वेळ गप्प राहिलात आणि मग विचारलेत, ''त्याला उत्तर मिळाले का तिथे?'' मी नाही म्हणालो. ''मग तू का देतोस?'' गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ गेला, त्यानंतर लोकांनी आम्हाला इतकी उत्तरे दिली होती की त्यांच्याखाली आमचे रडणे दबून गेले होते. हे मी आपल्याला सांगितले नव्हते. ती प्रार्थना मी दोन ओळींवर आणली : 'प्रभू, आम्हीही हेच विचारतो. तू विचारलेस, म्हणून आम्हाला विचारण्याचा धीर होतो.' त्यानंतर पुस्तिकेत अर्धे पान कोरे ठेवले. उपासनेत तिथे कोणी काही बोलले नाही. माझ्या शेजारी आई बसली होती. भाऊ गेल्यापासून ती मंदिरात नुसती बसून असे. त्या शांततेत तिने माझा हात धरला आणि पुढच्या गीताला तिचा आवाज लागला.

बाई, आता नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चार रविवारांसाठी, चार मेणबत्त्या पेटवताना म्हणायच्या चार प्रार्थना लिहायच्या आहेत. पहिल्या प्रार्थनेचा मसुदा सोबत जोडला आहे. 'आम्ही' आणि 'तू' मी तपासून पाहिले आहेत. समास रुंद सोडला आहे.

आपला विद्यार्थी