तुला हवा तो फोटो

प्रिय मंद्या,

पत्रास कारण की, तुझा टोमणा पोचला आणि झोंबलाही. तीन महिने ऑस्प्रेच्या, म्हणजे मासे पकडणाऱ्या त्या शिकारी पक्ष्याच्या, घरट्यावर पाळत ठेवून बसलोय आणि तुला एकही धड फोटो पाठवला नाही, हे खरं आहे. म्हणून तुझी मोठी लेन्स माझ्याकडे नुसती पडून आहे असं समजू नकोस. रोज वापरतोय. तुला हवा तो फोटो मात्र तिच्यातून निघत नाही.

तुला हवाय पाण्यावर झेपावणारा नर. पाय पुढे, पंख मागे, थेंब उडतायत. पण मासेमारी होते तळ्यावर, आणि आम्ही बसतो घरट्यासमोर, तीनशे मीटर लांब. आमच्या वाट्याला नंतरचा खेळ येतो. तो मासा घेऊन येतो तेव्हा मासा उडण्याच्या दिशेने सरळ धरलेला असतो, आडवा कधीच नाही, म्हणजे वारा अडत नाही. पायाचं बाहेरचं बोट मागे वळतं, तळव्याला बारीक काटे, त्यामुळे कितीही बुळबुळीत मासा निसटत नाही. आणि बऱ्याचदा त्या माशाला डोकं नसतं! साहेब आधी कुठल्याशा फांदीवर बसून डोकं खाऊन घेतात, मग उरलेलं घरी. तोवर मादी घरट्यातून ओरडून ओरडून जीव खाते. आमच्या वहीत बिनडोक माशासाठी वेगळी खूण आहे.

काम म्हणशील तर चार तासांची पाळी, दोन माणसं, एक दुर्बीण, एक वही. घरट्यावर कोण आहे, मासा किती वाजता आला, कुठल्या पिल्लाला घास मिळाला, कावळा किंवा माणूस जवळ फिरकला का. अंडी उबवायचे 37-38 दिवस तर ‘मादी बसून आहे’ एवढंच पानोपानी. कधीतरी अर्ध्या तासासाठी नर बसतो, तेव्हा आम्हाला सण वाटतो.

आता जे अजून कोणाला लिहिलं नाही ते. मे महिन्यातली संध्याकाळ. जोडीदार लवकर गेला होता, उन्हाचा रंग असा की तुझ्यासारख्याचे हात शिवशिवले असते. घरट्याजवळ कोणी जाऊ नये म्हणून बांधलेली दोरी मी ओलांडली. फार नाही, झाडांच्या आडून साठ-सत्तर पावलं. मादी आधी घरट्यात चपटी झाली, नुसतं डोकं दिसत होतं. तेवढ्यावर मी परत फिरायला हवं होतं. आणखी दहा पावलं टाकली आणि ती उठली, डोक्यावर घिरट्या घालत एकसारखी चिरकत राहिली. मी मागे पळालो. ती परत बसेपर्यंत अकरा मिनिटं गेली. तीन अंडी उघडी, वर दोन कावळे. त्या अकरा मिनिटांत कॅमेरा गळ्यात होता आणि मला त्याची आठवणही नव्हती.

दुसऱ्या दिवशी वहीत ‘व्यत्यय: माणूस’ या रकान्यात माझंच नाव लिहिलं. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईंनी वाचलं, काही बोलल्या नाहीत, चहा ओतता ओतता लॉख गार्टनची गोष्ट सांगायला लागल्या. स्कॉटलंडमधलं तळं. ब्रिटनमधून नाहीशी झालेली ऑस्प्रे 1954 साली तिथे परतली. 1958 मध्ये पहारा असतानाही रात्री कोणीतरी झाडावर चढून अंडी पळवली आणि बदली कोंबडीची अंडी ठेवून गेला, बुटाचं पॉलिश फासून! पुढच्या वर्षी, 1959 मध्ये, आरएसपीबी या तिथल्या पक्षीसंरक्षण संस्थेने पहारा तर वाढवलाच, वर लोकांनाच बोलावलं, या आणि लांबून बघा म्हणून. हजारो आले आणि तीन पिल्लं उडाली. पुढे अमेरिकेत डीडीटी या कीटकनाशकाने तर आणखीच कहर केला, कवचं इतकी पातळ झाली की आईच्याच वजनाखाली अंडी फुटायची. बाई एवढं सांगून थांबल्या. चोर, डीडीटी आणि मग मी, ही रांग मला आपोआप दिसली.

अंडी वाचली. तिन्हींतून पिल्लं बाहेर आली.

जूनमध्ये एक तिसरीच ऑस्प्रे घरट्यावर आली. नराने तिला हुसकावलं, जेमतेम चार सेकंदांचा मामला. मी बटण दाबून धरलं. निघाला तो फोटो सोबत पाठवतोय. हसू नकोस. शेपूट कापली गेलीय, मध्ये फांदी, अर्धा पक्षी हललेला. पण त्या पाहुणीच्या पायातली रंगीत कडी मोठी करून बघ, अक्षरं वाचता येतात. दुसऱ्या एका घरट्यावर तीन वर्षांपूर्वी पिल्लू असताना घातलेली कडी. त्यानंतर तिला कोणीच पाहिलं नव्हतं. तीन महिन्यांत माझ्या हातून झालेलं कामाचं असं हे एकच.

आमच्या तिन्ही पिल्लांनाही कड्या घालायचा परवाना असलेल्यांनी कड्या घातल्यात. थोरलं आता घरट्याच्या काठावर उभं राहून पंख फडफडवतं आणि वीतभर वर उचललं जातं. याला इथे सगळे ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात. काल वाऱ्याने ते हातभर उचललं गेलं, खाली काठ्या दिसल्यावर घाबरून जे पोटावर आपटलं ते तासभर हललं नाही. मधलं त्याच्याकडे बघत बसलं होतं. धाकटं जेवत होतं.

लेन्स एवढ्यात मिळणार नाही. ऑगस्टमध्ये मादी सगळ्यात आधी निघून जाईल, मग एकेक पिल्लू, आपापलं, एकटं. शेवटचं जाईपर्यंत नर मासे आणत राहतो. तो गेला की लेन्स तुझी.

तुझाच,
बाळ्या