बायोडेटा पाठवण्याआधी : मित्रास पत्र

हिंगणघाट, जि. वर्धा
दि. १२ मे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा बायोडेटा मिळाला. बियाणे कंपनीतील क्षेत्र अधिकाऱ्याच्या जागेसाठी तू अर्ज करतो आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. मात्र तो आहे तसा पाठवू नकोस, कारण जे काम तुला उत्तम येते तेच त्यात कुठे दिसत नाही.

कृषी केंद्रातील तुझे काम ‘अनुभव : कृषी केंद्र, २ वर्षे’ एवढ्यावर संपले आहे. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत भरती निघते तेव्हा अर्ज मीच चाळतो, आणि अशा ओळीवरून उमेदवार नुसता गल्ल्यावर बसत होता की शेतकऱ्याशी बोलत होता, हे मला कधीच कळत नाही. तू तर शेतकऱ्याने आणलेले कपाशीचे हिरवे बोंड त्याच्यासमोर फोडून आतली गुलाबी अळी दाखवायचास, कामगंध सापळ्यांत (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यांत) किती पतंग सापडले ते विचारायचास, आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग येत नसतील, म्हणजे फवारणीची गरज नसेल, तर महागडे औषध न विकता त्याला परत पाठवायचास. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्याची आठवण देऊन तू प्रत्येकाला हातमोजे आणि मास्क घ्यायला लावायचास. कंपनीला नेमका असाच माणूस हवा असतो. म्हणून त्या जागी चार-पाच ओळी लिही : किती गावांचे शेतकरी यायचे, कोणत्या पिकांवर सल्ला द्यायचास, साठा रजिस्टर आणि बिले तूच सांभाळायचास का. आकडे खरे असतील तेवढेच घाल. मुलाखत घेणारा कपाशीतलाच माणूस असतो आणि फुगवलेला आकडा त्याच्या दुसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो.

पदवीनंतरचे एक वर्ष तू कोरे सोडले आहेस, ते मला अजिबात पटले नाही. त्या वर्षी तू घरच्या वावरात ठिबकवर कपाशी घेतलीस, तो अनुभवच आहे, तसा लिही.

‘उद्दिष्ट’ म्हणून जो परिच्छेद आहे, तो झेरॉक्सच्या दुकानातील नमुन्यातला आहे आणि निम्म्या अर्जांत शब्दशः तोच असतो, तेव्हा तो काढ. धर्म, जात, वैवाहिक स्थिती हेही खासगी कंपनीला लागत नाही. सरकारी अर्जाचा नमुना ठरलेला असतो, तिथे विचारतील ते भरावे. आधार क्रमांक मात्र लगेच खोड, कारण हा कागद किती जणांच्या मोबाइलवर फिरेल ते सांगता येत नाही. शिक्षणात अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पदवी सर्वांत वर असू दे, दहावी शेवटी. एमएस-सीआयटीला एक ओळ पुरे.

सगळे एका पानात बसव, आणि कागदाचा फोटो काढून न पाठवता पीडीएफ कर. फाइलला स्वतःचे नाव दे. रविवारपर्यंत दुरुस्त प्रत माझ्याकडे पाठव, मी त्याच रात्री ओळ न ओळ वाचून कळवतो.

काकाजींना आणि काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा मित्र