मा. सहकार मंत्र्यांना खुले पत्र : मला आमच्या सोसायटीची एक फाइल बघायची आहे

मा. सहकार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गृहनिर्माण संस्थेच्या सभासदाला खर्चाची कागदपत्रे प्रत्यक्ष पाहायला मिळण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी ठाणे जिल्ह्यातल्या एका उपनगरात, ५६ फ्लॅटच्या सोसायटीत राहते. १९९८ साली आम्ही इथे आलो. माझी ३१ वर्षं बँकेत गेली, त्यातली बरीचशी हिशेबाच्या टेबलावर. जमाखर्च वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. तरी आमच्या सोसायटीची एक फाइल मला तीन वर्षांत बघायला मिळालेली नाही. हे पत्र त्या फाइलीसाठी आहे.

२०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या दोन्ही विंगच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं. प्रत्येक फ्लॅटमागे २०,००० रुपये काढले, म्हणजे ११ लाख २० हजार. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त काकांनी त्यासाठी मुदत ठेव मोडली. काम चांगलं झालं असेल या भरवशावर सगळ्यांनी पैसे दिले, कोणी कुरकुर केली नाही. पहिला पावसाळा बरा गेला. २०२३ च्या जुलैमध्ये ब विंगच्या सातव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंनी मला वर बोलावलं. हॉलमधल्या पंख्याला त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती आणि खाली घमेलं ठेवलं होतं. सोफा भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणला होता. छतावरची ओल जुन्याच जागी आली होती. खिडकीच्या कोपऱ्यात पोपडे सुटून आतली सळई दिसत होती. बाई म्हणाल्या, "रात्री थेंबाचा आवाज येतो म्हणून घमेल्यात फडकं घालून ठेवते."

काम होताना आम्हाला सांगितलं होतं की कॉन्ट्रॅक्टरने पाच वर्षांची गॅरंटी दिली आहे. म्हणून मी सेक्रेटरींना विचारलं, गॅरंटीचं पत्र काढा, त्याला बोलावून घेऊ. पत्र मिळालं नाही. मग म्हटलं फाइल दाखवा, मी शोधते. तेव्हापासून ती फाइल कधी चेअरमनांकडे असते, कधी अकाउंट लिहिणाऱ्याकडे, कधी ऑडिटरकडे.

एकदाच, कमिटीच्या टेबलावर, तीन कोटेशन दोन मिनिटं माझ्या नजरेखालून गेली. तीन वेगळी लेटरहेड, तीन वेगळे दर, पण ब विंगच्या गच्चीचं क्षेत्रफळ तिघांनीही चौरस फुटापर्यंत अगदी सारखं लिहिलेलं. तीन माणसांनी टेप लावली तर आकडा थोडा तरी पुढेमागे होतो. कदाचित सोसायटीनेच मोजून दिलं असेल. तसं असेल तर फाइलीत दिसेल आणि माझी शंका तिथेच मिटेल. मी कोणावर पैसे खाल्ल्याचा आरोप करत नाही. ती फाइल बघितल्याशिवाय मला आरोपही करता येत नाही आणि विश्वासही ठेवता येत नाही.

"ऑडिट झालंय ना ताई? तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचं उत्तर इथे नीट द्यावंसं वाटतं. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असायच्या. एकाच्या किल्लीने ती उघडत नसे. संध्याकाळी कॅशियरने मोजलेली रोकड दुसरा अधिकारी पुन्हा मोजायचा. ३१ वर्षांत एकाही कॅशियरला त्याचा राग आलेला मी पाहिला नाही, उलट कधी कमी-जास्त झालं तर तीच दुसरी मोजणी त्याला वाचवायची. हिशेब मागितला की अपमान झाला असं मानायची रीत सोसायट्यांमध्ये कुठून आली कोण जाणे. ती प्रामाणिक सेक्रेटरीच्याही मुळावर येते, कारण संशय मग जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी बोलला जातो आणि त्याला खुलासा करायची जागाच उरत नाही.

कमिटीतल्या लोकांचे कष्ट मला दिसतात. पंप बंद पडला की रात्री दोनला सेक्रेटरीचा फोन वाजतो. टँकरवाल्याशी, महापालिकेशी, लिफ्टच्या कंपनीशी तेच भांडतात, तेही बिनपगारी. निवडणुकीत उभं राहायला कोणी पुढे येत नाही म्हणून तीच पाच-सहा माणसं नऊ वर्षं बिनविरोध येताहेत. यात आमच्या, म्हणजे सभासदांच्या, आळसाचा वाटा मोठा आहे.

तरी सभा कशी होते ते आपल्याला माहीत असावं. सभेच्या आदल्या संध्याकाळी वॉचमन हजेरीचा कागद घेऊन दारोदार फिरतो. "सही द्या, उद्या धावपळ नको." लोक कुकर बंद करता करता सही करतात. शेजारच्या काकू गावाला गेलेल्या नवऱ्याचीही सही करून टाकतात. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा होते. २०२२ च्या सभेत मी स्वतः मोजली, १९ माणसं होती. पुढच्या वर्षी इतिवृत्त वाचलं तेव्हा हजेरी ४१ निघाली आणि गच्चीच्या खर्चापुढे शब्द होते, 'सर्वानुमते मंजूर'. मी तेव्हा प्रश्न विचारला होता, तो इतिवृत्तात नव्हता. कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा व्हायला हवी आणि १४ दिवस आधी नोटीस लागायला हवी. कागदावर दोन्ही झालेलं असतं. नोटीस बोर्डाच्या काचेआड ती नेमकी कोणत्या दिवशी लागली हे सांगणारं कोणी नसतं.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी हे लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून तिथे फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतात. तिथे आता पाणी कधी येणार आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा एवढंच असतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मी कमिटीला लेखी अर्ज दिला. उत्तर आलं नाही. मग सोसायट्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात तक्रार केली, पोच घेतली. दोन महिन्यांनी पत्र आलं. महोदय, या पत्रासाठी आपलं पूर्ण लक्ष हवं, कारण इतर कुठल्याही कागदापेक्षा सभासदाला तेच जास्त खचवतं. ते सोसायटीच्या सेक्रेटरींना लिहिलेलं होतं आणि मला फक्त प्रत होती. त्यात एवढंच होतं : 'सोबतच्या तक्रार अर्जाच्या अनुषंगाने नियमानुसार योग्य ती कार्यवाही करून अर्जदारास परस्पर कळविण्यात यावे.' म्हणजे ज्यांच्याबद्दल तक्रार, त्यांच्याच हातात ती परत गेली, माझ्या सहीसकट. त्या दिवसापासून कमिटीतल्या दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं आहे.

नंतर मी त्या कार्यालयात सहा वेळा गेले. टेबलं बदलली, कारकून बदलले, एकदा साहेब निवडणुकीच्या कामावर होते. तिथली माणसं वाईट वागली नाहीत. एका बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्यांच्या मागचं कपाट दाखवलं. फाइली वरपर्यंत चढून छताला टेकल्या होत्या. राज्यात लाखाहून अधिक गृहनिर्माण संस्था आहेत. कर्मचारी किती कमी आहेत ते डोळ्यांना दिसतं. म्हणूनच मी त्या कार्यालयाची तक्रार न करता आपल्याकडे आले आहे.

माझ्यापुढचे बाकीचे रस्तेही सांगते. सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी मागायला एक पंचमांश सभासद लागतात. आमच्याकडे ५६ चा पाचवा हिस्सा म्हणजे १२ सह्या. जिन्यात हळू आवाजात "ताई, तुमचं बरोबर आहे" म्हणणारे तीसेक तरी आहेत. सह्या चार मिळाल्या. एकाला मुलीच्या नावावर फ्लॅट करायचा आहे, एकाला गृहकर्जासाठी सोसायटीचं पत्र हवं आहे, एकाच्या पार्किंगचा वाद कमिटीपुढे पडून आहे. त्यांना दोष कसा द्यायचा? कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जावं तर वकील, तारखा आणि वर्षं. माहितीचा अधिकार सोसायटीला थेट लागत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळमधल्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात तसं स्पष्ट केलं आहे. निबंधकांकडे जी माहिती आहे किंवा कायद्याने ते जी मागवू शकतात, ती मात्र त्या अधिकारात मागता येते. पण गॅरंटीचं पत्र त्यांच्याकडे नाही, आणि ते मागवायचं मनावर कोणी घ्यायचं हाच तर प्रश्न आहे.

सहकार कायदा सभासदाला ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सभांची इतिवृत्तं पाहायचा हक्क देतो. कोटेशन, वर्क ऑर्डर, बिलं, व्हाउचर हे शब्द मात्र तिथे तितक्या ठळकपणे येत नाहीत, आणि अडवणूक नेमकी तिथेच होते. २०१९ मध्ये कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी प्रकरण १३-ब आलं. सहकारी साखर कारखान्याला आणि ५६ फ्लॅटच्या इमारतीला एकच माप लावता येत नाही हे सरकारने मान्य केलं, याचा मला आनंद झाला होता. त्याच वाटेने आणखी एक पाऊल टाका. दुरुस्तीच्या कामासाठी सभासदाच्या खिशातून वेगळे पैसे काढले असतील, तर त्या कामाचा प्रत्येक कागद त्याला बघता येईल असं नियमात नाव घेऊन लिहा, आणि त्याला दिवसांची मुदत घाला. मुदत टळली तर कार्यालयाचा एक माणूस ठरलेल्या दिवशी सोसायटीत येईल आणि त्याच्यासमोर फाइल उघडली जाईल. तक्रार कमिटीला पाठवून मोकळं होणारं ते एका परिच्छेदाचं पत्र तर आजच बंद करता येईल, त्याला कायदा बदलायची गरज नाही.

सभेचं चित्रीकरणही सक्तीचं करा. पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने ते केलेलंच आहे. विकासक निवडण्याच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी असतो आणि कॅमेरा असतो, कारण तिथे फसवणूक होते हे सरकारने ओळखलं. आमच्या ११ लाखांची बाब त्यामानाने लहान आहे, पण सातव्या मजल्यावरच्या बाईंना ती लहान नाही. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, खर्चाचा प्रश्न येत नाही. १९ माणसं बसली होती की ४१, हे तरी पुन्हा कोणाला विचारावं लागणार नाही.

लेखापरीक्षणाबद्दल थोडंच. अहवालात दोष निघाले की संस्थेने कलम ८२ खाली दोषदुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. आमच्या बहुतेक सभासदांनी हे नावसुद्धा ऐकलेलं नाही. दोन्ही अहवाल सभेच्या नोटिशीबरोबर प्रत्येक घरी गेले तर सभेत विचारायला प्रश्न तरी सुचतील.

मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ साली सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. रावबहादूर तालमकी त्यामागे होते. भाडेकरू म्हणून राहणाऱ्या मध्यमवर्गीय माणसांनी एकत्र येऊन स्वतःच्या घरांचा कारभार स्वतः करायचा, ही कल्पना तेव्हा नवी होती. आम्ही १९९८ मध्ये आलो तेव्हा आमच्यातही तेच होतं. आमचे पहिले खजिनदार रेल्वेत मोटरमन होते. पहिल्या सभेला ते जमाखर्चाची वही घेऊन उभे राहिले आणि ओळ न् ओळ वाचली. जिन्याचे बल्ब दोन. झाडू तीन. टाकी साफ करणाऱ्यांना चहा. दीड तास लागला, मुलं कंटाळून झोपली, पण एकही जण उठून गेला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी वही समोरच्या सतरंजीवर ठेवली आणि म्हणाले, ज्याला बघायची त्याने घरी न्या, मंगळवारपर्यंत परत द्या. ती वही आमच्याकडे दोन दिवस होती.

यंदाची सभा ३० सप्टेंबरच्या आत होईल. अजेंड्यावर बाहेरच्या रंगकामाचा विषय येणार असं कळतं, फ्लॅटमागे ३५,००० रुपये. माझ्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख मी आपल्या कार्यालयाला स्वतंत्र पत्राने कळवली आहे. सभेच्या आधी एखादा अधिकारी पाठवावा आणि त्याच्यासमोर गच्चीची फाइल मला बघू द्यावी. गॅरंटीची मुदत २०२७ पर्यंत आहे. पत्र सापडलं तर पुढच्या पावसाआधी कॉन्ट्रॅक्टरला बोलावता येईल.

आपली नम्र,
एक सभासद, अ विंग