ग्रिप फिरली ती उन्हामुळे नव्हे

दिनांक : ९ जून
सोलापूर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : माझ्या गोल्फ स्टिकांच्या बदलून दिलेल्या १३ ग्रिप्सपैकी (मुठीवरच्या रबरी आवरणांपैकी) ३ फिरणं, ग्रॅफाइट शाफ्टला (स्टिकच्या दांड्याला) पात्याचा चरा पडणं आणि त्यावरच्या तक्रारीला मिळालेलं चुकीचं उत्तर.

महोदय,

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी आपल्या वेबसाइटवर बुकिंग करून माझ्या किटमधल्या १३ स्टिका ग्रिप बदलण्यासाठी कुरिअरनं आपल्या वर्कशॉपला पाठवल्या. चौदावा पटर (चेंडू हळूच होलमध्ये ढकलायची स्टिक) घरीच ठेवला, त्याची ग्रिप अजून चांगली आहे. २८ मार्चला स्टिका परत आल्या. मजुरी धरून १६,९०० रुपये मी आगाऊ भरले होते, जाण्यायेण्याच्या कुरिअरचे १,८०० वेगळे. रकमेबद्दल तेव्हा कुरकुर नव्हती, आजही नाही. चांगल्या कामाला पैसे पडतातच. माझी तक्रार कामाची आहे, आणि त्याहून जास्त १९ मे रोजी आलेल्या आपल्या उत्तराची.

त्या उत्तराचा मथितार्थ असा, की आमच्या भागातलं अतिउष्ण हवामान आणि मी स्टिका नीट न ठेवणं यामुळे ग्रिप्स सैल झाल्या, म्हणून वॉरंटी लागू नाही. म्हणजे दोष सोलापूरच्या उन्हाचा आणि माझ्या निष्काळजीपणाचा. हे मला मान्य नाही. का नाही, ते सविस्तर लिहितो, कारण फोनवर दोनदा सांगायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा वाक्य पुरं होण्याआधीच "मेल करा" असं सांगण्यात आलं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टर्किश टॉवेलचा कारखाना आहे. वय ६१. गोल्फ मी पुण्यात नोकरीला असताना शिकलो आणि सोलापूरला परतल्यावरही सोडला नाही. शेतावर जाळी लावून आठवड्यातून तीन दिवस सराव करतो आणि महिन्या-दीड महिन्यानं सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन पूर्ण १८ होल खेळतो. दोन वर्षांपासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजला आहे. स्टिक आवळून धरली की रात्री दुखतं. म्हणूनच या वेळी मिडसाइज ग्रिप मागवली होती. नेहमीच्या ग्रिपपेक्षा तिचा व्यास १/१६ इंच, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर जास्त असतो. एवढ्याशा फरकानं बोटं कमी मिटावी लागतात आणि हलक्या हातानं स्टिक धरता येते. कॉर्डची ग्रिप घेतली नाही, कारण तिच्या रबरात सुती धागा असतो. घामात ती घट्ट राहते खरी, पण माझ्या बोटांना खरखरीत लागते. हे सगळं मी ऑर्डरच्या नोंदीत लिहिलं होतं. आकार आणि प्रकार आपण बरोबर पाठवलात, तेवढं मान्य करतो.

८ मे रोजी पुण्यात खेळताना सातव्या होलवर ७ नंबरच्या आयर्ननं (धातूच्या पातळ डोक्याच्या स्टिकनं) फटका मारला आणि चेंडूला लागायच्या क्षणी ग्रिप उजव्या हातात फिरली. स्टिकचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, उजवीकडे वळली आणि चेंडू उजवीकडे झाडीत गेला. चेंडूचं काही नाही, चेंडू जातच असतात. पण हातातली वस्तू अशी अचानक फिरली की माणूस पुढच्या फटक्याला आपोआप मूठ आवळतो. उरलेले अकरा होल मी तसाच आवळून खेळलो. परतीच्या गाडीत पाण्याची बाटली उघडायला शेजारच्या प्रवाशाला सांगावं लागलं. ज्या त्रासातून सुटायला मी ग्रिप्स बदलल्या, तोच दुप्पट झाला.

घरी आल्यावर मी नुसत्या अंदाजावर थांबलो नाही. कारखान्यात कापडावर खूण करायला शिंप्याचा खडू असतो. तेरा स्टिकांवर, जिथे ग्रिप संपते आणि शाफ्ट सुरू होतो तिथे, दोन्हींवरून एक सरळ रेघ ओढली. मग जाळीत प्रत्येक स्टिकनं दहा-दहा चेंडू मारले. दहा स्टिकांवरची रेघ जशीच्या तशी राहिली. ६, ७ आणि ८ नंबरच्या आयर्नवर ती तुटली. ७ नंबरवर ग्रिपवरचा तुकडा शाफ्टवरच्या तुकड्यापासून पट्टीनं मोजून ४ मिलिमीटर सरकला होता, उरलेल्या दोन्हींवर २. फोटो १२ मे रोजीच्या तक्रारीला जोडले होते. ते कुणी उघडून पाहिले असते तर उन्हाचं कारण पुढे आलंच नसतं.

तुमचं उत्तर आल्यावर मी ७ नंबरची ग्रिप कापून काढली. हे मी करायला नको होतं असं आपण म्हणाल, म्हणून कापण्याआधीपासून शेवटपर्यंत अखंड व्हिडिओ घेतला आहे. साडेदहा इंचांच्या ग्रिपखाली दुतर्फी टेप वरच्या टोकापासून फक्त साडेसहा इंचांपर्यंत होती. खालच्या चार इंचांत नवी टेप नाहीच. तिथे माझ्या जुन्या ग्रिपखालच्या टेपच्या कागदाचे पापुद्रे आणि त्यावर काळपट, सुकलेल्या गोंदाचे खवले. नखानं खरवडले तर भुगा पडला. उजवा हात नेमका याच चार इंचांवर असतो. म्हणजे फटक्याचा पीळ जिथे बसतो तिथेच ग्रिपला धरून ठेवायला काही नव्हतं, नुसत्या रबराच्या ताणावर ती उभी होती.

ग्रिप बसवण्याची रीत आपल्याला मी सांगावी असं नाही, पण माझ्या शाफ्टवर ती पाळली गेली नाही म्हणून लिहितो. जुनी ग्रिप काढली की जुनी टेप आणि गोंद पूर्ण खरवडून शाफ्ट कोरडा, गुळगुळीत करायचा. नवी टेप ग्रिपच्या लांबीइतकी लावायची, वर अर्धा इंच जास्त सोडून तो तुकडा शाफ्टच्या पोकळ नळीच्या तोंडात आत मुडपायचा. ग्रिपच्या टोकाचं भोक बंद करून आत सॉल्व्हंट (गोंद ओला करणारा, लगेच उडून जाणारा द्रव) ओतायचा, हलवून तोच टेपवर सोडायचा आणि एका दमात ग्रिप शेवटपर्यंत सरकवायची. सॉल्व्हंटमुळे टेपचा गोंद घटकाभर निसरडा होतो, तेवढ्यात ग्रिपची रेषा सरळ करून घ्यायची. मग सॉल्व्हंट उडून जातो आणि गोंद रबराला धरतो. हे काम कौशल्याचं आहे, पण अवघड नाही. न चुकता करायचं असतं, इतकंच. बिघडलेल्या तिन्ही स्टिका ओळीनं ६, ७, ८ नंबरच्या आहेत. माझा तर्क असा, की त्या एकापाठोपाठ हाती घेतल्या गेल्या आणि तेव्हा टेपचा रोल संपत आला होता. तर्क चुकीचा असेल तर खरं काय ते मला कळवा.

आता उन्हाबद्दल. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो, ते मी कशाला नाकारू? उन्हानं रबर कडक होतं, चकाकायला लागतं, पुढे बारीक भेगा पडतात, हेही खरं. तापलेल्या गाडीच्या डिकीत स्टिका दिवसभर राहिल्या तर टेपचा गोंदही नरम पडतो. पण माझ्या तेराही स्टिका एकाच पिशवीत, एकाच खोलीत, एकाच भिंतीला टेकून असतात. ऊन लागायचं तर तेरांना लागेल. तिघींनाच निवडून लागणार नाही. आणि ही खोली घराच्या मधली आहे, जुन्या दगडी भिंतींची, दुपारीही तिथे गारवा असतो. पिशवीवर सुती चादर टाकलेली असते. पुण्याला जाताना पिशवी माझ्याबरोबर एसी डब्यात असते. गाडीच्या डिकीत मी स्टिका ठेवत नाही.

निगा राखण्याबद्दलही आपल्या उत्तरात शंका आहे. महिन्यातून एकदा मी सगळ्या ग्रिप्स धुतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, मऊ ब्रश, मग स्वच्छ पाण्याचा ओला फडका आणि लगेच कारखान्यातल्या कोऱ्या टॉवेलनं टिपून घ्यायचं. वाळवायच्या सावलीत, पंख्याखाली. पाणी नळीच्या टोकातल्या भोकात जाऊ देत नाही. पेट्रोल, थिनर, तेल कधी लावलेलं नाही. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरच्या कुणालाही विचारा. तरी या कामाला अर्धी बादली मी बाजूला काढून ठेवतो. हाताचा घाम आणि तेलकटपणा रबरावर बसला की ग्रिप गुळगुळीत होते आणि माणूस मूठ आवळायला लागतो. माझ्या अंगठ्याला ते परवडणारं नाही. याआधीच्या ग्रिप्स याच घरात, याच उन्हाळ्यांत दोन वर्षं टिकल्या. त्या झिजल्या, पण एकदाही फिरल्या नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. माझ्या ४ नंबरच्या हायब्रिडचा (लांब फटक्याच्या स्टिकचा) शाफ्ट ग्रॅफाइटचा आहे. नव्या ग्रिपच्या तोंडाशी शाफ्टवर एक बारीक सरळ चरा आहे, दिसतो तेवढा दोन सेंटिमीटर, आणि तो ग्रिपच्या आत शिरतो. बोटाचं नख त्यात अडकतं. जुनी ग्रिप सरळ पात्यानं कापली की असा चरा पडतो. पोलादी शाफ्टवर सरळ पातं चालून जातं, ग्रॅफाइटवर आकडीचं पातं लागतं, कारण ते रबर आतून बाहेर कापतं आणि शाफ्टला लागत नाही. ग्रॅफाइटचा शाफ्ट म्हणजे कार्बनचे धागे राळेत बसवलेले असतात. धागा कापला गेला की ताकद गेली, हे सुताच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला पटवून द्यावं लागत नाही. असा शाफ्ट जोराच्या फटक्यात तुटला तर पुढचा तुकडा कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. १२ मेपासून ती स्टिक मी हातात घेतलेली नाही. ती माझ्या मुलीनं तिच्या पहिल्या पगारातून दिलेली आहे. याची किंमत मी मागत नाही, पण आपल्याला हे माहीत असावं. पाठवण्यापूर्वी तेराही स्टिकांचे फोटो काढले होते, त्यात हा चरा नाही.

माझ्या कारखान्यातली एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यानं मरून रंगाचे टॉवेल परत पाठवले, रंग जातो म्हणून. आमचा पहिला विचार हाच होता, की त्यांच्याकडचं पाणी खराब असेल किंवा धुणं चुकलं असेल. पण बोलण्याआधी त्याच लॉटचा शिल्लक टॉवेल आम्ही स्वतः धुतला. बादली लाल झाली. रंगाई झाल्यावर कापडावर न बसलेला रंग गरम साबणपाण्यानं काढून टाकायचा असतो, ती एक धुलाई त्या दिवशी राहिली होती. पूर्ण लॉट बदलून दिला. तो व्यापारी आजही आमच्याकडूनच माल नेतो. आपल्याकडून माझी अपेक्षा एवढीच होती, की बोलण्याआधी बादलीत टॉवेल घालून पाहावा.

आणि एक. २१ मे रोजी फोनवर आपल्या प्रतिनिधीनं मला विचारलं, "सर, पण सोलापूरमध्ये गोल्फ कोण खेळतं?" मी खेळतो. माझ्यामुळे शेतावर शेजारची दोन मुलं खेळायला लागली आहेत, माझ्या जुन्या स्टिकांनी. ग्राहक कुठल्या गावचा आहे यावर टेपची लांबी ठरत नसते. त्या मुलाला नोकरीवरून काढा असं मी मुळीच म्हणत नाही. त्याला कुणीतरी नीट समजावून सांगा, एवढंच.

माझ्या मागण्या अशा. तेराही ग्रिप्स आपल्या खर्चानं नव्यानं, पूर्ण लांबीच्या टेपवर बसवून द्याव्यात; उरलेल्या दहा आज घट्ट आहेत, पण त्यांच्या खाली काय आहे यावर आता माझा भरवसा नाही. हायब्रिडला त्याच जातीचा आणि त्याच लवचिकतेचा नवा शाफ्ट घालून द्यावा. नेण्याआणण्याचा खर्च आपला. हे जमणार नसेल तर १६,९०० आणि कुरिअरचे १,८०० मिळून १८,७०० रुपये आणि नव्या शाफ्टची किंमत परत करावी. आणि त्या आठवड्यात त्याच टेबलावरून गेलेल्या इतर ग्राहकांच्या स्टिका, विशेषतः ग्रॅफाइटच्या, तपासायला परत मागवाव्यात. ही शेवटची मागणी माझ्या फायद्याची नाही, पण तिच्यावर मी अडून राहीन.

ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीनं तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एका महिन्यात निवारण करावं, असा २०२० चा नियम आहे. माझ्या १२ मेच्या तक्रारीची पोच पाच दिवसांनी आली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, पुण्या-मुंबईला जावं लागत नाही, आणि या रकमेला शुल्कही नाही. मला तिथे जायची हौस नाही. ३० जूनपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर मात्र १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे सोलापूरच्या आयोगात अर्ज करीन.

बिलाची प्रत, पाठवण्यापूर्वीचे आणि नंतरचे फोटो, खडूच्या रेघांचे फोटो आणि ग्रिप कापतानाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. कापलेली ग्रिप आणि तिच्याखालची टेप पिशवीत सीलबंद ठेवली आहे, आपला माणूस आला तर दाखवीन. स्टिका नेण्यासाठी कुरिअर पाठवणार असाल तर दोन दिवस आधी कळवावं, म्हणजे मी त्या चादरीत नीट बांधून ठेवीन. हायब्रिडवर लाल कागद चिकटवलेला असेल. तिची ग्रिप काढताना कृपया आकडीचंच पातं वापरावं.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक आपल्या नोंदीत आहेत)