सूचना : शनिवारपासून चालण्याच्या व्यायामाची सत्रे

सर्व सभासदांनो,

येत्या शनिवारी सकाळी ७ वाजता, नेहमीच्या सभागृहात, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सत्रे सुरू होत आहेत. आठवड्यातून ३ दिवस, एकूण १२ आठवडे.

पायाच्या धमन्या अरुंद झालेल्यांनी हे नीट वाचावे. चालताना पोटरी दुखू लागली की बरेच जण घाबरून व्यायामच सोडतात. तसे करू नका. दुखणे बऱ्यापैकी वाढेपर्यंत चाला, थांबा, कळ ओसरली की पुन्हा चाला. न दुखता चालण्याचे अंतर याच पद्धतीने हळूहळू वाढते. मात्र बसल्या जागीही पाय दुखत असेल किंवा पायावर जखम असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

- डॉक्टरांची लेखी परवानगी आणि औषधांची यादी आणावी. त्याशिवाय प्रवेश नाही.
- छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती खिशातच हवी, घरी नको.
- बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद ठेवणारे औषध) घेणाऱ्यांनी नुसत्या नाडीवर विसंबू नये. चालता चालता बोलता येईल इतकाच वेग ठेवावा.
- छातीत दुखले, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथल्या तिथे थांबा आणि सांगा. संकोच अजिबात नको.

नावे गुरुवारपर्यंत कळवा.