ट्रम्बो झाला, आता नेड यंगबद्दल पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत हॉलिवूडच्या ब्लॅकलिस्टवरचा (म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून ज्यांना काम द्यायचं नाही अशांची यादी) लेख वाचला, आवडला, पण साहेब दरवेळी सगळं त्या यादीतल्या डाल्टन ट्रम्बो या पटकथालेखकावरच येऊन का थांबतं? त्याच काळातला नेड्रिक ऊर्फ नेड यंग नावाचा माणूस नट पण होता आणि लेखक पण, आणि त्याची गोष्ट मला तरी जास्त भारी वाटते, कारण ब्लॅकलिस्टमध्ये गेलेला लेखक टोपणनावाने लिहून कसंबसं घर चालवू शकायचा, नटाने काय करायचं? तोंड कुठे लपवणार?

1953 मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या कमिटीने त्याला बोलावलं, तू कम्युनिस्ट आहेस का वगैरे विचारलं, त्याने उत्तर द्यायला नकार दिला आणि काम बंद. गंमत म्हणजे त्याच वर्षी 'हाऊस ऑफ वॅक्स' आला. त्यात यंग बेवड्या असिस्टंटचं काम करतो, दारू मिळत नाही म्हणून घामाघूम झालेला असतो आणि शेवटी पोलिसांपुढे घडाघडा सगळं बकतो. पडद्यावर बकला, खऱ्या चौकशीत तोंड उघडलं नाही. काम एवढं ठळक पण टायटल्समध्ये नावच नाही. सिनेमा यूट्यूबवर वगैरे सापडला तर तेवढा सीन तरी बघाच.

नंतर तो 'नेथन ई. डग्लस' नावाने लिहायला लागला. हॅरॉल्ड जेकब स्मिथबरोबर 'द डिफायंट वन्स' (1958) लिहिला, एकाच साखळीने बांधलेले दोन पळालेले कैदी, एक गोरा एक काळा, टोनी कर्टिस आणि सिडनी पॉइटिए. आता दिग्दर्शक स्टॅनली क्रेमरचा आगाऊपणा बघा, सुरुवातीलाच ट्रकमध्ये पुढे बसलेले दोघं दिसतात ते म्हणजे हेच दोघं लेखक, आणि लेखकांची नावं नेमकी त्यांच्या तोंडावर येतात! म्हणजे नाव खोटं, चेहरा खरा, ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असणार.

ऑस्करवाल्यांनी 1957 मध्ये नियमच करून ठेवला होता की कमिटीला उत्तर न देणाऱ्याला अवॉर्ड द्यायचं नाही. डिफायंट वन्सचं नाव ऑस्करसाठी गाजायला लागलं आणि तो डग्लस म्हणजे मीच असं यंगने उघड सांगून टाकलं, झालं, जानेवारी 1959 मध्ये अकॅडमीने तो नियम काढला. अवॉर्ड मिळालंच, पण डग्लसच्या नावाने. ट्रम्बोला 'स्पार्टाकस'मध्ये स्वतःचं नाव मिळालं ते 1960 मध्ये, म्हणजे हे त्याच्या आधीचं, हे लेखात यायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

1960 मध्ये त्याने बाकीच्या काही ब्लॅकलिस्टवाल्यांना घेऊन मोठ्या स्टुडिओंवर केस पण टाकली. 1968 मध्ये गेला, फक्त 54 वर्षांचा होता. त्याचं खरं नाव 'डिफायंट वन्स'वर यायला पुढे कितीतरी वर्षं लागली, तेव्हा तो नव्हताच.

आणि हो, एल्व्हिसच्या 'जेलहाऊस रॉक'ची मूळ स्टोरी पण याचीच. पुढचा भाग काढणार असाल तर नटांवर काढा, आणि फोटो छापायचा तर तो ट्रकमधला छापा.

एक जुना वाचक, डोंबिवली