दगडाला भाडं कोण देणार?

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

बॅलास्ट टँकमधला, म्हणजे जहाज स्थिर ठेवायला समुद्राचं पाणी भरतात त्या टाकीतला, चिखलच उपसायचा होता तर इंजिनिअरिंग काय वाईट होतं, असं लिहिलंयस. जहाजावरची कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हटल्यावर हे ओघाने आलंच, त्यामुळे मी फार हळहळणार नाही. मात्र आतली हवा तपासल्याशिवाय टँकमध्ये पाऊल टाकायचं नाही, चीफ ऑफिसरने कितीही घाई केली तरी. बाप म्हणून सांगायचं ते एवढंच. पुढचं बोलतोय तो गोदीत चढणारा-उतरणारा माल मोजणारा जुना टॅली क्लार्क.

शिडाच्या जहाजाला रिकामं जाणं परवडायचं नाही, दोन्ही अर्थांनी. शिडात वारा भरला की जहाज कलणार, म्हणून तळाशी वजन हवंच. तुम्ही पंप लावून समुद्रच आत घेता. त्या काळी दगड आणि रेती भरायचे, पोचल्यावर पुन्हा उपसायचे, आणि दोन्ही वेळची मजुरी मालकाच्या खिशातून. म्हणून दगडाऐवजी भाडं देणारं काहीतरी मिळावं, याच्या मागे सगळे असायचे.

अमेरिकन जहाजं कलकत्त्याहून नीळ, सोरा, कातडी न्यायची. पण इकडे येताना आणायचं काय? बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने मे 1833मध्ये 'टस्कनी' या जहाजात चक्क बर्फ भरला. 180 टन, तळ्यावरून कापून आणलेला. लाद्या चौकोनी आणि एकमेकींना घट्ट भिडवलेल्या, कारण फट राहिली की हवा शिरते. भोवती लाकडी फळ्यांच्या भिंती आणि त्यांच्यात कातडी कमावण्याच्या कारखान्यातला झाडाच्या सालींचा भुसा. चार महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडून सप्टेंबरात जहाज हुगळीत शिरलं तेव्हा सुमारे 100 टन शिल्लक होता. माझ्या शीटवर इतकी तूट दिसली असती तर चौकशी लागली असती! ट्यूडरने मात्र त्यातच धंदा उभा केला. मुंबईतही लवकरच बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि पाहुण्यांना सर्दी झाली, ही बातमी तेव्हा छापून आली होती.

बर्फाचं ठीक आहे. पण हाच हिशेब माणसांनाही लावला गेला.

कॅनडातल्या क्वेबेकहून ब्रिटनला इमारती लाकूड जायचं. परत जाताना फळका, म्हणजे माल ठेवायची जागा, रिकामा. मग मधल्या डेकवर कच्च्या फळ्यांच्या दुमजली खाटा ठोकायच्या आणि आयर्लंडचे दुष्काळग्रस्त भरायचे. पलीकडे पोचलं की खाटा उखडायच्या आणि त्याच जागेत ओंडके. माणसांचं वजन ते किती, तळाला बॅलास्ट लागायचाच. पण फेरीचं भाडं सुटायचं. 1847 साली अशा जहाजांतून टायफस पसरला आणि क्वेबेकजवळच्या ग्रोस बेटावर पाच हजारांहून जास्त माणसं पुरावी लागली.

म्हणूनच 'जीनी जॉन्स्टन' माझ्या डोक्यातून जात नाही. क्वेबेकमध्येच बांधलेलं, मुळात मालवाहू जहाज. आयर्लंडमधल्या ट्रॅलीच्या निकोलस डोनोव्हन या व्यापाऱ्याने घेतलं आणि एप्रिल 1848मध्ये 193 प्रवासी घेऊन ते पहिल्यांदा निघालं. सहा फुटी चौरस खाटेवर चार जण, म्हणजे माणशी दीड फूट. आपल्या लोकलच्या तीन जणांच्या बाकावर चौथी सीट मिळते ना, तेवढंच, फक्त आडवं व्हायचं आणि तेही अटलांटिक ओलांडेपर्यंत. तरी 1855पर्यंतच्या सोळा फेऱ्यांत एकही माणूस दगावला नाही. डोनोव्हन काही संत नव्हता, नफ्यासाठीच बसला होता. पण जहाजावर डॉक्टर ब्लेनरहॅसेट होते, कप्तान अनुभवी होता, स्वच्छतेवर लक्ष होतं. पहिल्या फेरीला जहाजावरच एक मूल जन्मलं, त्याच्या नावात आईबापांनी मालक, डॉक्टर, कप्तान, खलाशी आणि खुद्द जहाज, सगळ्यांची नावं ओवली. आमच्या भाषेत 'एक्सेस लँडेड', यादीपेक्षा जास्त माल उतरला.

पुढे 1858मध्ये हे जहाज लाकूड घेऊन येताना पाण्याने भरलं. लाकूड तरंगतं, त्यामुळे ते झटकन बुडालं नाही. खलाशी डोलकाठ्यांच्या दोरखंडांना धरून राहिले आणि नऊ दिवसांनी एका डच जहाजाने त्यांना उचललं. पोटात लोखंड असतं तर? तुला स्टॅबिलिटीच्या पेपरला हे विचारायला हवं होतं.

आपल्याकडचेही गेलेच. 1834पासून कलकत्त्याहून मॉरिशसला गिरमिटिया, म्हणजे करारावर बांधलेले, मजूर जाऊ लागले, पुढे मुंबई बंदरातूनही. त्यात रत्नागिरीकडची मराठी माणसं होती. वर मजूर, खाली तांदूळ. उसाच्या मळ्यावर राबणारे आणि त्यांचं खाणं, दोन्ही एकाच जहाजातून. मॅनिफेस्टवर, म्हणजे जहाजाच्या यादीवर, तांदळाची पोती आधी की माणसं आधी, हे मला एकदा बघायचंय.

तुमचं जहाज मॉरिशसच्या पोर्ट लुईसला लागलं आणि शोअर लीव्ह मिळाली तर आप्रवासी घाट, म्हणजे हे मजूर जिथे उतरायचे ती जागा, बघून ये. बंदराला लागूनच आहे, टॅक्सीवाल्याच्या नादी लागू नकोस. गणेशचतुर्थीच्या सुमारास असशील तर मराठी गणपतीही बघायला मिळेल, तिथे त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. फोटो पाठव, आईला गणपतीचे, मला जुन्या पायऱ्यांचे.

तुझा,
बाबा